चौथी पाळी

गिरणीला पाळ्या तीनच.
चौथी यांनी काढली, रात्री साडेबारानंतर,
साखर पेठेत दस्तगीर नदाफच्या गादी कारखान्यात,
कारण कापूस आवाज पितो
आणि शेजारी पोलिसात जात नाहीत.

बेस दस्तगीरचाच. दाढीत सरकी.
ड्रमवर मल्लेशम गड्डम. शिकला कुठं? मागावर.
उजवा हात धोट्याचा, डावा फणीचा,
धागा तुटला की हात आपोआप थांबायचा.
पुढं लोक त्याला शैली म्हणाले.
लोक म्हणजे आम्ही सातआठ जण.

गिटार माझ्या भावाची, अंबादासची.
मिरजेच्या एका सतारवाल्यानं जोडून दिलेली,
म्हणून वरच्या सुरात जरा कण्हायची.
इरेश हत्तुरे गायचा मराठीत,
चिडला की कानडीत,
आणि धृपद तेलुगूत, कारण आमच्या आयांना
बाकी काही कळलं नाही तरी तेवढं कळावं.

मी राजमणी. माझं काम वायर गुंडाळायचं
आणि टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबायचं.

पुण्यात स्पर्धेला गेले होते एकदा.
परीक्षक म्हणाले, वाजवता छान,
पण रॉकमध्ये प्रेम पाहिजे, बंड पाहिजे,
हे विड्यांचं काय मध्येच?
परतीच्या पॅसेंजरमध्ये कुणी बोललं नाही.
कुर्डुवाडीला इरेश म्हणाला,
‘त्यांना बंड पाहिजे बे, फक्त हिशोब नको.’

ते विड्यांचं गाणं म्हणजे ‘छाट’.
हजार विड्या वळून नेल्या
की मुकादम शंभर बाजूला सारायचा. वाकड्या म्हणे.
त्यांचे पैसे नाहीत.
विड्याही परत नाहीत.
माझ्या आईच्या मांडीवर सूप होतं तीस वर्षं,
दर दहा दिवसांतला एक दिवस तिनं
कुणासाठी वळला, कुणी सांगेना.

तर गाणं दहा फेऱ्यांचं. नऊ वाजवायच्या.
दहाव्या फेरीत काही नाही.
चौघंही हात वर करून उभे,
मोजून बारा सेकंद.

शनिवारी, पगाराच्या दिवशी,
कारखान्याच्या फाटकासमोर हातगाडीवर ॲम्प्लिफायर चढवला.
नऊ फेऱ्या झाल्या. हात वर गेले.
मला वाटलं आता दगड येतील.

पहिली कात्री कुणाची वाजली माहीत नाही.
आई म्हणायची तिची.
दुर्गव्वा शेवटपर्यंत म्हणत राहिली तिची.
मग पान कापायच्या दीडशे कात्र्या,
पानाशिवाय, नुसत्या हवेत.
मल्लेशमचे हात वरच राहिले.
ताल बायकांनी धरला होता
आणि तो ऐकत होता, तोंड उघडं टाकून, पोरासारखा.

छाट बंद झाली का? नाही.
पुढच्या आठवड्यात शंभराच्या एकशेवीस झाल्या.
हे मी सांगते, कारण जुन्या बँडबद्दल बोलताना
माणसं फार लवकर जिंकतात.

मग भोंगा थांबला. मल्लेशम भिवंडीला गेला.
इरेशच्या छातीत कापूस बसला, आवाज
आधी गेला, तो नंतर.
दस्तगीर अजून गाद्या भरतो,
पिंजताना पाय बेसच्या जागी हलतो.
एक कॅसेट उरली. एकच.

भाचा श्रीहरी परवा घेऊन गेला,
लॅपटॉपवर धुऊन आणली.
गिटार लख्ख. ड्रम छातीवर आपटणारे.
एवढं चांगलं वाजवायचे हे,
मला तेव्हा गुंडाळायच्या वायरीच दिसल्या.

नववी फेरी संपली.
दहावी आली: गुळगुळीत, कोरी शांतता.

‘खरखर होती गं आत्या, काढून टाकली.’

मी उठून दिवा लावला. म्हटलं,
बाळा, ती छाट नाही. परत घाल.

घातली त्यानं.
शेवटी कुणीतरी खोकतं टेपवर.
कोण, आठवत नाही.
म्हटलं, तेही राहू दे.